पावणेबारा

"पुढं ये की गं, लाजतेस काय!" चौगुलेबाईंनी हाक मारली, तशी हर्षाली बाकावरून उठली. शाळा तपासायला आलेले साहेब खुर्चीत बसले होते आणि बाईंच्या हातात तिच्या टॅबमधून काढलेले छापील कागद होते.

वर्गात हात वर करायची तिला धास्ती वाटायची. म्हणून बाईंनीच तिला प्रश्नांची उत्तरं देणारा टॅब देऊन सांगितलं होतं, "अडेल ते याला विचार. हा हसत नाही आणि कुणाला सांगतही नाही." मग तिनं मन मोकळं करून सगळं विचारलं. टॅब न कंटाळता समजावत गेला. दोन महिन्यांत तिला गणित जमायला लागलं.

"साहेब, हिचे प्रश्न ऐका," बाई कौतुकानं वाचू लागल्या. "'काट्यांचं घड्याळ कसं बघायचं? सातवीत असून मला येत नाही. लांबचं दिसत नाही असं नाटक करून मी मैत्रिणीला वेळ विचारते.'"

सगळा वर्ग हसला. ती मैत्रीण सगळ्यांत मोठ्यानं हसली. हर्षालीची कानशिलं तापली. बाईंनी तिच्या हातात गुलाबाचं फूल दिलं आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

"शाब्बास!" साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. "मग सांग बघू बाळ, किती वाजले?"

पावणेबारा. तिला लख्ख कळत होतं. बाई मान हलवून तिला धीर देत होत्या, सांग, सांग.

हर्षालीनं फूल टेबलावर ठेवलं.

"येत नाही, साहेब," ती बाईंकडं बघत म्हणाली.