डोक्यातला केइता

न्येले कुलिबालीची होडी काही केल्या सुटत नव्हती.

वीस माणसं चढली की थांबायचं आणि निघायचं, एवढंच काम तिच्या प्रोग्रामला होतं. पण पडद्यावर 'माणूस चढला, माणूस चढला' अशा ओळी धो धो पडत होत्या. एव्हाना अख्खं सेगू शहर चढलं असतं, तरी होडी काठालाच. वर्गात चिडीचूप शांतता. परीक्षेत बोललं की बाहेर, असा केइता सरांचा नियम होता. ही न्येलेची तिसरी आणि शेवटची संधी. आज नापास झाली तर तिची खुर्ची दुसऱ्याला जाणार होती. या संगणकाच्या वर्गापायी तिने मावशीच्या शिलाईच्या दुकानातलं चांगलं चाललेलं काम सोडलं होतं, तेही मोठ्या तोऱ्यात. आता परत कुठल्या तोंडाने जायचं?

गंमत म्हणजे बाहेर तिला सगळं यायचं. वर्ग सुटला की ती वही घेऊन कडुनिंबाखाली दाउदा केइताकडे जाऊन बसायची. दाउदा मोटरसायकली दुरुस्त करायचा आणि दिवसभर चहा उकळायचा. संगणकातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण तो केइता आणि ही कुलिबाली. सेगूतलं शेंबडं पोरही जाणतं, की या दोन आडनावांची गाठ पडली की एकमेकांची यथेच्छ खिल्ली उडवायची आणि रागवायचं मात्र कुणी नाही. 'चवळीखाऊ' ही त्यातली ठरलेली शिवी.

"आली का चवळीखाऊ! आज काय बिघडवून आलीस?"

"बिघडवण्याचा धंदा तुझा. आणि चवळी तुम्ही खाता. आमच्या घरची उष्टी."

"बघू वही. हे गोल गोल काय काढलंयस? चवळीचे दाणे?"

मग न्येले इरेला पेटून त्याला ओळ न् ओळ समजावायची, आणि समजावता समजावता चूक आपोआप हाती लागायची. तिला वाटायचं, ही सगळी चहाची करामत. म्हणून मागच्या परीक्षेला ती घरूनच तीन पेले कडक चहा ढोसून आली होती. उत्तर काही सुचलं नाही. दोनदा बाहेर जावं लागलं, तेवढंच.

आज ती पडद्याकडे बघत बसली. घड्याळात वीस मिनिटं उरली होती. तिला रडू यायला लागलं. अशा वेळी दाउदा काय म्हणाला असता, असं सहज मनात आलं, आणि रडता रडता तिला फिसकन हसू आलं.

प्रोग्राममध्ये माणसांसाठी टिपा लिहायची सोय असते. ओळीच्या सुरुवातीला एक खूण टाकली की पुढचं यंत्र वाचतच नाही. न्येलेने खूण टाकली आणि लिहिलं, 'काय गं चवळीखाऊ, होडीत किती माणसं झाली?'

खाली लिहिलं, 'मोजतेय ना! डोळे फुटले का तुझे?'

'कुठून मोजतेस?'

'शून्यापासून, गाढवा.'

'प्रत्येक वेळी?'

न्येलेची बोटं थबकली. खरंच की! दर माणसामागे ती मोजणी पुन्हा शून्यावर आणत होती. आधीचे सगळे विसरून नव्याने मोजायला बसणारा नावाडी वीसपर्यंत पोचणार कसा? तिने शून्याची ओळ उचलून वर, मोजणी सुरू होण्याआधी नेली. होडी विसाव्या माणसाला थांबली आणि सुटली. त्याच क्षणी वेळ संपली. टिपा पुसायच्या राहूनच गेल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला खोलीत बोलावलं. केइता सर परदेशात शिकून आलेले. पहिल्याच दिवशी न्येलेने रीतीप्रमाणे त्यांना टोमणा मारला होता, "केइतांना मोजता येतं? नवीनच ऐकतेय!" त्यावर ते फक्त "कृपया बसून घ्या," म्हणाले होते. केइताने कुलिबालीला उलट टोमणाही मारू नये! सगळ्या वर्गाला ते लागलं होतं. तेव्हापासून कुणी त्यांच्या वाटेला जात नसे.

"या उत्तरात दोन माणसं आहेत," सर म्हणाले. "दुसरं कोण?"

"केइता, सर."

"वर्गात माझ्याशिवाय कुणी केइता नाही."

"डोक्यात आहे, सर." आता गप्प राहून भागणार नव्हतं. "मला गप्प बसून विचार करता येत नाही. कुणी टिंगल केली की मी त्याला पटवायला निघते. पटवता पटवता माझं मलाच कळतं. मूर्ख आहे म्हणा हवं तर, पण नक्कल नाही केली मी."

सरांनी टिपा पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. 'गाढवा'पाशी थोडे रेंगाळले. मग उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. संपलं सगळं, न्येलेला वाटलं. मावशीचा चेहराही तिच्या डोळ्यांपुढे येऊन गेला.

सरांनी टेबलावरचा स्वतःचा संगणक तिच्याकडे वळवला.

"तू पास आहेस," ते हलक्या आवाजात म्हणाले. "हे माझं काम. तीन दिवस एकाच जागी अडकलंय. आणि घरी बायकोही माहेरची केइताच आहे; खिल्ली उडवणारं कुणी नाही."

सरांनी मान खाली घातली, शाळेतल्या पोरासारखी.

न्येलेने खुर्ची पुढे ओढली.

"सरक तिकडे, चवळीखाऊ," ती म्हणाली. "आणि पहिल्या ओळीपासून वाच."