पुतळ्याची वर्दी

सीमेवर गोळी लागून गेलेल्या योगीराजचा पुतळा तामलवाडीच्या चौकात उभा राहिला होता आणि उद्या त्याचे अनावरण होते. मुरुमहून आलेले रंगारी वीरप्पा त्याच्या शेवटच्या फोटोवरून जुन्या वर्दीचे हिरवे-तपकिरी पट्टे रंगवत होते. तेवढ्यात त्याची आई द्वारकाबाई येऊन म्हणाली, "हे पट्टे पुसा. नवी वर्दी काढा, बारक्या चौकोनांची."

"मावशी, एवढे चौकोन काढता काढता माझे डोळे जातील की हो!" वीरप्पा हसले.

शेजारी उभे असलेले निवृत्त सुभेदार ज्ञानोबा मात्र गंभीर झाले. "वहिनी, ती वर्दी बावीस साली आली. आपला योगीराज एकवीसलाच गेला. त्यानं ती कधी अंगात घातलीच न्हाय. उद्या फौजेतले साहेब येतील, ते काय म्हणतील?"

"म्हणू द्या."

"अन् जुनीत वाईट काय हाय? म्या बी तीच घालून रिटायर झालो."

"मग भाऊजी, सरकारनं ती बदलली कशापायी?"

"नव्या कापडात माणूस दुश्मनाला लवकर दिसत न्हाय, म्हणून."

द्वारकाबाईने पुढे होऊन पुतळ्याच्या छातीवरचे ओले पट्टे पदराने पुसायला सुरुवात केली.



"मग नवीच घालू द्या माझ्या लेकराला. जुनीत दिसला त्यो."