सातमचा डबा

शीतळा सातमला आमच्याकडे चूल पेटत नाही, आदल्या दिवशी रांधलेलं थंडच खायचं. आणि नेमका थेपल्यांचा डबाच गायब!

"तुझ्या दत्तक लेकीचेच उद्योग," नणंद रमीला म्हणाली. "भाभी, अनाथाश्रमात परत सोडून ये तिला."

"तुला सासरहून परत धाडली, तेव्हा मी दार लावलं होतं का गं?"

रमीलाला सुनावलं खरं. पण मनातून मीच हरले होते. वर्षभर झंखनाचं ते चावणं, ओरबाडणं, भिंतीवर डोकं आपटणं. शेरीतले सगळे शेजारी माझ्या जिभेला टरकतात, फक्त मला 'बा', म्हणजे आई, म्हणणारी ही नऊ वर्षांची पोर टरकत नाही. दुपारच्या बसनं मी एकटीच माहेरी निघणार होते. परत यायचं नाही, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

पलंगाखाली लपवलेली पिशवी ओढली. माझ्या साड्यांवर थेपल्यांचा डबा होता आणि डब्यावर झंखनाचा फ्रॉक.

ती दारातच आडवी बसली होती.

"बा, वाटेत भूक लागेल ना आपल्याला."

मी डबा बाहेर काढला. मग एकेक साडीही.