अकरावी पेटी

मिसुरी नदीकाठचा रसदीचा किल्ला लष्कराने दोन वर्षांतच गुंडाळला. दारं, खिळे, खेचरं, सगळं हललं. शेवटी पुरलेले शिपाईही उकरून सरकारी दफनभूमीकडे निघाले.

"आणि माझे बाबा?" हेस्टरने विचारलं.

"ते भाड्याचे गाडीवान, पोरी. यादीत फक्त शिपाई आहेत," सार्जंट डोलन म्हणाला.

"तुमचंच पीठ आणताना बर्फात गारठून मेले ते. खाताना नाही बघितलीत यादी?"

डोलनने मान खाली घातली. "यादीतली अकरावी पेटी रिकामी आहे. शिपाई लायनस क्रोल नदीत वाहून गेला, सापडलाच नाही. तीत बाबांना पाठवतो. पण दगडावर नाव क्रोलचंच लागेल."

इथे कोल्ह्यांच्या तावडीत सोडण्यापेक्षा ते बरं, म्हणून ती हो म्हणाली.

दर मे महिन्यात ती फुलं घेऊन त्या परक्या नावापुढे बसायची. सातव्या वर्षी तिथे आधीच एक म्हातारी बसली होती, दगडावरची अक्षरं बोटांनी चाचपत.

"माझ्या लायनससाठी आणलीस फुलं? कोण गं तू त्याची?"

हेस्टरने फुलं तिच्या ओंजळीत ठेवली.

"कुणीच नाही," ती म्हणाली.