चाळिसावी पुंगळी

शिकारीचा हंगाम संपला की नवऱ्याच्या बंदुकीच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी घासायचं काम एकवीस वर्षं व्हर्नाचंच होतं. यंदा क्लाइडने टेबलावर पिशवी ओतली, तर पुंगळ्या आधीच लखलखत होत्या. “कोणी घासल्या?” “डोरीनने. नेमबाजीच्या क्लबात नवीन आलीये ती. तुझा अंगठा दुखतो म्हटलं, तर म्हणाली, दे इकडे.” “फारच कनवाळू बाई.” क्लाइड कॉफी घ्यायला वळला. व्हर्नाने चष्मा चढवून एकेक पुंगळी उलटी केली. बुडाच्या खळगीत हमखास काजळी राहते; तिथेच घासणाऱ्याची परीक्षा. चाळीसच्या चाळीस चकचकीत निघाल्या. तिने शेगडीच्या काजळीत नख घोळवलं आणि शेवटच्या खळगीत फिरवलं. “हे बघ. सांग तुझ्या डोरीनला, एक राहिली.” क्लाइडने पुंगळी हातात घेतली, पण बघत राहिला बायकोच्या काळ्या नखाकडे. “बरं. पुढच्या खेपेला तूच घास.”