करवतीचा ताल

कॅट आयलंडवरच्या कुठल्याही लग्नात ऑर्थनेल मांडीवर करवत वाकवून, स्क्रूड्रायव्हरने तिचे दात खरडत ताल धरायचा. मग ढोल आणि अकॉर्डियनला रंग चढायचा. धाकट्या मुलीच्या लग्नातही तो सकाळपासून वाजवत होता. मनगट भरून आलं होतं. दुपारी त्याची बायको आयव्हामे समोर आली. तिने करवत काढून घेऊन आपल्या भावाच्या हाती दिली.

"अगं, पाहुणे नाचतायत अजून!"

"ऊठ. माझ्याबरोबर नाच."

"वाजवून वाजवून दमलोय गं. पाय उचलत नाहीत. बसू दे ना."

"आपल्या लग्नातसुद्धा तूच वाजवत होतास," आयव्हामे म्हणाली. "तेव्हापासून बसून बसून मीपण दमलेय रे."