बडी कोणाचा

क्रेगने ट्रकला जोडलेला ट्रेलर थेट कुंपणापर्यंत रिव्हर्स घेतला, खाली उतरला आणि म्हणाला, "माझा कांगारू न्यायला आलोय."

रुही फाटकासमोर येऊन उभी राहिली. "मिळणार नाही."

ॲन आर्बर शहरापासून तासाभरावरच्या त्या जागेत ती लोकांना नकोसे झालेले प्राणी सांभाळायची. पिल्लू असताना हौसेने विकत घेतलेले, डायपर घालून सोफ्यावर झोपवलेले, आणि लाथ मारण्याएवढे मोठे झाले की कुठेतरी नेऊन टाकलेले. बडी त्यांतलाच. हिवाळ्याच्या तोंडावर क्रेगनेच त्याला इथे आणून सोडलं होतं. "मला नाही जमत आता. तूच ठेव," एवढंच म्हणून निघून गेला होता.

"टेक्ससमध्ये एकाला हवाय," क्रेग म्हणाला. "त्याचा पार्क आहे. मुलं शेजारी उभी राहून फोटो काढतात."

"साखळीला बांधून?"



आवाज ऐकून रुहीचे बाबा घरातून बाहेर आले. विनय क्युपर्टिनोहून लेकीला भेटायला आले होते. ते तिच्याजवळ जाऊन हळूच मराठीत म्हणाले, "रुही, देऊन टाक. त्याने विकत घेतलेला आहे, उद्या वकील लावेल. कशाला नसतं लचांड?"

"नो, बाबा."

क्रेगने कुंपणावरून हाक मारली, "बडी! इकडे ये, बडी!"

शेडच्या सावलीत पहुडलेला कांगारू उठला आणि उड्या मारत सरळ त्याच्याकडे आला. उभा राहिला तर माणसाएवढा. जाळीला नाक लावून तो क्रेगची बोटं हुंगायला लागला. क्रेगचे डोळे भरून आले.

"बघ. ओळखतो मला. बाटलीने दूध पाजलंय मी याला."

रुहीचा चेहरा उतरला. विनयना वाटलं, संपलं आता.

"ओळखतो ना," ती म्हणाली. "म्हणून तर तुझ्या बेसमेंटच्या दारापाशी बसून राहायचा. तूच सांगितलंस मला. वर टीव्ही लागला की दार खरवडायचा, आणि तू आवाज वाढवायचास. सिमेंटवर राहून राहून पाय सोलवटले होते त्याचे. इथे आला तेव्हा गवतावर पाय टाकायला घाबरत होता."

"तो माझा आहे!" क्रेगने कडीला हात घातला. रुहीने त्याच्या हातावर आपला हात दाबून धरला. क्रेग तिच्या दुप्पट होता. पण तिने हात काढला नाही.

क्रेग विनयकडे वळला. "सर, तुम्ही समजूतदार दिसता. सांगा ना जरा तुमच्या मुलीला."

विनय बडीच्या मागच्या पायांकडे बघत होते. तिथे अजून केस उगवले नव्हते. गुलाबी, नवी कातडी तेवढी दिसत होती.

"पीएचडी सोडू नको म्हणून सांगितलं," ते शांतपणे म्हणाले. "ही जागा घेऊ नको म्हणून सांगितलं. आत्ताही सांगून पाहिलं, तुमच्यादेखत." ते पुढे झाले आणि फाटकाला पाठ टेकून रुहीच्या शेजारी उभे राहिले. "नाही ऐकत ती."

क्रेगने एकदा दोघांकडे पाहिलं. मग कडीवरचा हात काढून घेतला. "शेरीफला घेऊन येतो," असं म्हणत तो ट्रकमध्ये चढला. रिकामा ट्रेलर धडधडत रस्त्याला लागला.

बडी आतून, कुंपणाच्या कडेकडेने त्याच्यामागे गेला. कोपऱ्यात जाळी संपली तिथे थांबला आणि ट्रक दिसेनासा झाल्यावरही तिथेच उभा राहिला. रुहीने तोंड फिरवलं आणि बाहीने डोळे पुसले.

"तो येणार, बाबा. खरंच शेरीफला घेऊन येणार."

"येऊ दे," विनय म्हणाले. "तुझ्याकडे माझ्या मापाचे गमबूट आहेत का?"